शाळेच्या पटावरून नाव कमी करण्याचा अधिकार कोणाला?

१. पालकांचा साधा प्रश्न

‘पोराने मारामारी केली, तर शाळा त्याला काढून टाकू शकते का?’ सरकारी शाळेत मूल घातलेल्या कोणत्याही पालकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. शाळा सरकारची, गुरुजी सरकारचे, तेव्हा ठेवणे-काढणे त्यांच्याच हाती असणार, असे अनेकजण धरून चालतात. कायद्याचे उत्तर मात्र याच्या उलट आहे. पहिली ते आठवीच्या मुलाला शाळेतून काढून टाकण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना नाही, संस्थाचालकांना नाही आणि शिक्षणाधिकाऱ्यांनाही नाही. मुलाचा अपराध लहान असो वा मोठा, त्याने हे उत्तर बदलत नाही.

नंदुरबार जिल्ह्यात या प्रश्नाला अधिक वजन आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या सातपुड्यातील पाड्यांवरची अनेक मुले घरापासून दूर, आदिवासी विकास विभागाच्या निवासी आश्रमशाळांत शिकतात. त्यांतल्या कित्येकांच्या घरात शाळेची पायरी चढणारे ते पहिलेच असतात. अशा मुलाची शाळा एकदा सुटली, तर त्याला परत आणून बसवील असे शिकलेले माणूस घरात नसते. म्हणून या प्रकरणात एकच मुद्दा मांडायचा आहे. कायद्याने मुलाला काढून टाकण्यास मनाई केली, पण कागदावर काहीही न लिहिता मूल शाळेबाहेर राहील अशा वाटा मोकळ्या राहिल्या. त्या बंद करायच्या असतील, तर लेखी कारण दिल्याशिवाय आणि मुलाचे म्हणणे ऐकल्याशिवाय एकाही मुलाला एका दिवसासाठीही शाळेपासून दूर ठेवता येणार नाही, असा नियम शाळाशाळांत रुजायला हवा.

२. कायदा नेमके काय सांगतो?

२००२ साली झालेल्या ८६ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद २१-अ आला आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. तो हक्क प्रत्यक्षात आणण्यासाठी बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सगळे त्याला ‘आरटीई’ म्हणतात. यातला ‘सक्ती’ हा शब्द अनेकदा चुकीचा समजला जातो. मुलावर सक्ती, असा त्याचा अर्थ नाही. सक्ती शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर आहे. प्रत्येक मुलाचा प्रवेश, त्याची हजेरी आणि आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होणे या तिन्ही गोष्टींची खात्री करण्याचे कर्तव्य कलम ८ आणि ९ ने त्यांच्यावर टाकले आहे.

याच कायद्याचे कलम १६ आपल्या प्रश्नाला थेट उत्तर देते. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येणार नाही. पुढचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई करते. ते मोडणाऱ्या शिक्षकावर त्याच्या सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. जिल्हा परिषदेची शाळा, नगरपालिकेची शाळा, अनुदानित शाळा आणि आश्रमशाळा या सगळ्यांना या तरतुदी लागू आहेत. चौदा वर्षे पूर्ण झाली की संरक्षण संपले, असेही नाही. उशिरा शाळेत आलेल्या मुलाला कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात बसवले जाते आणि चौदा वर्षांनंतरही आठवी पूर्ण होईपर्यंत मोफत शिक्षण मिळते. ज्या भागात मुले उशिरा दाखल होतात, मध्येच सुटतात आणि पुन्हा येतात, तिथे ही तरतूद फार मोलाची आहे.

३. तीन वेगळ्या गोष्टी: नापास करणे, काढून टाकणे, घरी पाठवणे

या तीन गोष्टींची गल्लत नेहमी होते, म्हणून त्या वेगळ्या करून पाहू. पहिली, नापास करणे. २००९ च्या मूळ कायद्यात आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवता येत नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेण्याची, अनुत्तीर्ण झालेल्याची दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घेण्याची आणि राज्याने ठरवल्यास मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपल्या नियमांत त्याप्रमाणे बदल केला. ‘आता कायदा बदलला, आता काढता येते’ असा समज यातून पसरू शकतो, पण तो खरा नाही. त्याच दुरुस्तीने काढून टाकण्यावरील मनाई पुन्हा स्पष्ट शब्दांत लिहून ठेवली. मूल पाचवीत पुन्हा बसू शकते, पण बसणार ते शाळेतच.

दुसरी गोष्ट काढून टाकणे. ती आठवीपर्यंत बंदच आहे. तिसरी गोष्ट मात्र अवघड आहे. ‘आठ दिवस शाळेत येऊ नको’ असे सांगून मुलाला घरी पाठवणे, म्हणजे तात्पुरते निलंबन. कलम १६ मध्ये या तात्पुरत्या निलंबनाचा उल्लेख नाही. मग त्याला परवानगी आहे असे समजायचे का? तसे समजणे कायद्याच्या गाभ्याशी जुळत नाही. मुलाची हजेरी राहील हे पाहण्याचे कर्तव्य ज्यांच्यावर आहे, त्यांच्याच शाळेने मुलाला हजर राहण्यापासून रोखावे, यात उघड विसंगती आहे. शिवाय या दिवसांचा हिशेब करून पाहावा. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवे. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. पाचवीच्या मुलाला दहा दिवस घरी बसवले, तर त्याचे चाळीस तास गेले, वर्षाचा विसावा भाग गेला. परतण्याची तारीखच सांगितली नसेल, तर हे निलंबन किती दिवसांचे, हे कोणालाच सांगता येत नाही. तारीख नसलेले निलंबन आणि काढून टाकणे यांत मुलाच्या दृष्टीने काहीच फरक उरत नाही.

४. आदेशाशिवाय मूल बाहेर कसे पडते?

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अक्राणी तालुक्यातील एका पाड्यावरचा मुलगा तीस-चाळीस किलोमीटरवरच्या आश्रमशाळेत सातवीत आहे. डिसेंबरच्या मध्यावर वसतिगृहात त्याची दुसऱ्या मुलाशी मारामारी होते. अधीक्षक सांगतात, ‘वडिलांना घेऊन ये, मगच आत घेऊ.’ शाळेच्या दृष्टीने ही शिक्षासुद्धा नाही, पालकांना बोलावणे एवढाच हेतू आहे. पण वडील आणि आई दक्षिण गुजरातमध्ये, बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला गेलेले आहेत. ते येणार होळीला. मुलगा आजीकडे राहतो. पालक आले नाहीत म्हणून शाळा थांबते, आणि शाळेने बोलावले नाही म्हणून मुलगा थांबतो. होळीपर्यंत सुमारे तीन महिने जातात. सहावी ते आठवीसाठी वर्षाचे किमान २२० दिवस धरले आहेत. त्यांचा चौथ्या हिश्शाच्या आसपास भाग एका तोंडी वाक्यात गेला. मुलाला काढून टाकण्याचा निर्णय या गोष्टीत कोणीही घेतलेला नाही, आणि तरीही मूल शाळेबाहेर आहे.

गावातल्या शाळेतून घरी पाठवणे आणि आश्रमशाळेतून घरी पाठवणे यांत फरक आहे, हेही या उदाहरणात दिसते. गावातल्या शाळेतला मुलगा घरी गेला तर वर्ग बुडतो. आश्रमशाळेतला मुलगा घरी गेला तर वर्ग, दोन वेळचे जेवण, झोपण्याची जागा आणि आजारपणात लक्ष देणारी माणसे हे सारे एकाच वेळी सुटते. घरात मोठे माणूस नसताना अल्पवयीन मुलाला डोंगरवाटेने एकटे पाठवणे हा तर सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. त्यामुळे निवासी शाळेत ‘घरी जा’ ही शिक्षा इतर कोणत्याही शाळेपेक्षा कठोर ठरते, आणि ती तितक्याच कठोर नियमांनी बांधलेली असायला हवी.

आणखी एक वाट दाखल्याची आहे. ‘तुमचे पोर आमच्याकडे नको, दाखला घेऊन जा’ असे पालकांना सांगितले जाते, पालक अर्जावर अंगठा किंवा सही करतात आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारण म्हणून ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिले जाते. कागदावर ही स्वखुशीची बदली दिसते. दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क कलम ५ ने मुलाला दिला आहे आणि मागितल्यावर दाखला तत्काळ देणे मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. पण तो हक्क मुलाचा आहे. नकोसे मूल दुसऱ्याकडे ढकलण्यासाठी तो वापरता येत नाही. याच दाखल्यावर ‘वर्तणूक’ असाही एक रकाना असतो. हा दाखला पुढे जन्मतारखेचा आणि जमातीचा पुरावा म्हणून जातीच्या प्रमाणपत्रासाठी, वसतिगृहासाठी, नोकरीसाठी आयुष्यभर काढावा लागतो. रागाच्या भरात त्या रकान्यात लिहिलेला एक शब्द मुलाचा पाठलाग कित्येक वर्षे करू शकतो.

५. पट म्हणजे काय?

शाळेच्या पटावरचे नाव म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सातबाऱ्यावरून चटकन समजेल. सातबाऱ्यावरचे नाव तलाठ्याच्या मनात आले म्हणून कमी होत नाही. आधी फेरफार नोंद धरावी लागते, ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस द्यावी लागते, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवावे लागतात आणि त्यानंतरच नोंद मंजूर होते. जमिनीचा मालक गावात नसला, वर्षभर शेतावर फिरकला नाही, म्हणून त्याचे नाव कोणी खोडत नाही. शाळेच्या पटावरचे नाव ही मुलाच्या मूलभूत हक्काची नोंद आहे. तिला जमिनीच्या नोंदीइतके तरी संरक्षण असावे, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

नोकरीतल्या निलंबनाकडे पाहिले तर ही विसंगती आणखी ठळक होते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला निलंबित करायचे, तर १९६४ चे शिस्त व अपील नियम आहेत. खाजगी अनुदानित शाळेतील शिक्षकासाठी १९७७ चा स्वतंत्र कायदा आहे. लेखी आदेश, दोषारोप, म्हणणे मांडण्याची संधी, चौकशी, निलंबनकाळातील निर्वाह भत्ता आणि शेवटी अपील अशी पायरी-पायरीची व्यवस्था तिथे आहे आणि ती असायलाच हवी. प्रौढ, शिकलेल्या आणि संघटना पाठीशी असलेल्या माणसाला आपण एवढे संरक्षण देतो. मग बारा वर्षांच्या, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या आणि मराठीत आपली बाजू मांडताना अडखळणाऱ्या मुलाला एका तोंडी वाक्यावर घरी पाठवणे न्याय्य कसे ठरेल?

६. नववीनंतर काय?

आठवी संपली की कलम १६ चे छत्र संपते. नववीपासून माध्यमिक शाळा संहिता आणि शाळेचे शिस्तीचे नियम यांना महत्त्व येते. त्यानुसार कारवाई होऊ शकते, पण मनमानी तेव्हाही चालत नाही. केरळमध्ये जुलै १९८५ मध्ये तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायालयाने मुलांना परत शाळेत घेण्याचा आदेश दिला. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या नावाने हा निकाल ओळखला जातो. शाळेच्या दारात मुलाचे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत, आणि काढून टाकण्याचे कारण कायद्याच्या कसोटीला उतरावे लागते, हा त्यातून मिळणारा धडा.

कारवाईची पद्धत कशी असावी, याचे एक स्पष्ट उत्तर अमेरिकेतल्या निकालात मिळते. ओहायो राज्यातील कोलंबस शहरात १९७१ मध्ये सार्वजनिक शाळांतील विद्यार्थ्यांना सुनावणीशिवाय दहा-दहा दिवसांसाठी निलंबित करण्यात आले. त्यावरच्या गॉस विरुद्ध लोपेझ खटल्यात १९७५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की दहा दिवसांच्या निलंबनापूर्वीही विद्यार्थ्याला आरोप सांगितला पाहिजे, तो नाकारत असेल तर पुरावा काय ते समजावले पाहिजे आणि त्याची बाजू ऐकली पाहिजे. त्यासाठी वकील नको, कोर्टासारखी उलटतपासणी नको, समोरासमोरचे बोलणे पुरेसे आहे. इंग्लंडमध्ये एका शैक्षणिक वर्षात एकूण ४५ दिवसांपलीकडे निलंबन करता येत नाही, निलंबनाचे कारण पालकांना लेखी कळवावे लागते आणि निलंबन पाच दिवसांहून लांबले तर सहाव्या दिवसापासून मुलाच्या शिक्षणाची पर्यायी सोय करावी लागते. परदेशातील हे नियम आपल्यावर बंधनकारक नाहीत. पण आरोप सांगा, बाजू ऐका, मग कारणासह निर्णय द्या हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व आपल्या न्यायालयांनीही कित्येक वर्षांपासून मानलेले आहे.

७. शिक्षकांचे आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप गंभीर आहे. एका दांडगट मुलामुळे चाळीस मुलांचे शिक्षण बिघडते, मग त्या चाळिसांच्या हक्काचे काय? या प्रश्नात तथ्य आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. दुसऱ्या मुलाच्या जिवाला धोका असेल, तर त्या दोघांना त्याच क्षणी वेगळे केलेच पाहिजे. गॉस निकालानेही अशा वेळी आधी बाजूला करण्याची आणि सुनावणी नंतर लगेच घेण्याची मुभा दिली आहे. पण वेगळे करणे म्हणजे शाळेबाहेर टाकणे नव्हे. वसतिगृहातली खोली बदलता येते, वर्गाची तुकडी बदलता येते, काही दिवस मुलाला मुख्याध्यापकांच्या देखरेखीखाली वेगळे बसवून अभ्यास देता येतो. अपराध खरोखर गंभीर असेल, शस्त्राने हल्ला किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल, तर तो शाळेच्या शिस्तीचा विषयच राहत नाही. त्यासाठी पोलीस आणि २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाखालील बाल न्याय मंडळ आहे. मुलाला गुपचूप घरी पाठवून असे प्रकरण मिटवणे हा ज्याच्यावर अत्याचार झाला त्या मुलावरही अन्याय आहे.

दुसरा आक्षेप असा की छडी गेली, नापास करणे जवळजवळ गेले, आता काढून टाकण्याचा धाकही नाही, मग शिक्षकाने शिस्त लावायची कशी? शिक्षकांची ही अडचण खरी आहे. एकाच शिक्षकावर दोन-तीन वर्ग असतील आणि समुपदेशक तालुक्यातही सहज मिळत नसेल, तर कायद्याचा सगळा भार त्या एकट्यावर येतो. पण ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी शासनाची आहे, तिची किंमत मुलाने मोजायची नाही. शिवाय धाक कोणाला बसतो, हेही पाहिले पाहिजे. ज्याला शाळा आवडते, त्याला घरी पाठवण्याची भीती वाटेल. ज्याला वर्गातली भाषा समजत नाही, अभ्यास झेपत नाही आणि म्हणून जो दंगा करतो, त्याला घरी पाठवणे ही शिक्षा वाटतच नाही. त्याला ती सुटका वाटते. म्हणजे ज्या मुलासाठी हा उपाय योजला, त्याच्यावर तो लागू पडत नाही, उलट त्याची शाळा सुटण्याला हातभार लागतो.

तिसरा आक्षेप कागदाचा आहे. महिनोन्‌महिने न येणाऱ्या मुलांची नावे पटावर ठेवली, तर तो बोगस पट होणार नाही का? ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर झालेल्या पटपडताळणीत मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली, अनेक शाळांचा फुगवलेला पट उघड झाला आणि त्या धास्तीने शाळा नावे कमी करण्याकडे झुकल्या तर नवल नाही. पण पटावर नाव असणे आणि खोटी हजेरी मांडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गैरहजर मुलाला गैरहजर दाखवणे हाच प्रामाणिकपणा आहे. सलग महिनाभर न आलेल्या मुलाची गणना राज्यात शाळाबाह्य मुलांत होते, ती त्याला शोधून परत आणण्यासाठी, त्याचे नाव खोडण्यासाठी नव्हे. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आणि हंगामी वसतिगृह या योजनाही याच विचारातून आल्या.

८. मग करायचे काय?

शाळेच्या बाजूने चार नियम पुरेसे आहेत आणि एकाही नियमाला पैसा लागत नाही. एक, मुलाला वर्गापासून दूर ठेवण्याचा कोणताही निर्णय तारीख आणि कारणासह लिहिलेला असावा आणि त्यात परतण्याची तारीख असावी. दोन, निर्णयापूर्वी मुलाचे म्हणणे त्याला येणाऱ्या भाषेत ऐकावे. शिक्षकाला पावरी, भिली, मावची येत नसेल, तर ती येणारी मोठी व्यक्ती सोबत बसवावी. तीन, पालक येईपर्यंत शिक्षण थांबवू नये. पालक गुजरातेत असतील तर फोनवर बोलावे, मूल मात्र वर्गात असावे. चार, अशा प्रत्येक प्रकरणाची माहिती शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी. कलम २१ प्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. गावातलीच ही माणसे मुलाचे घर ओळखतात आणि कोणत्या वेळी कोणाचे आईबाप कुठे असतात हेही त्यांना ठाऊक असते.

पालकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मूल घरी पाठवले गेले, तर पहिली मागणी एवढीच करावी: ‘जे सांगता ते लिहून द्या.’ आणि ‘दाखला घेऊन जा’ असे सांगितले, तर स्वतःची तशी इच्छा नसताना विनंतीच्या अर्जावर सही किंवा अंगठा देऊ नये. एवढ्याने शाळेने ऐकले नाही, तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी ती गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत द्यावी. आश्रमशाळेच्या बाबतीत नंदुरबार किंवा तळोदा येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांनाही कळवावे. तक्रारीवर तीन महिन्यांच्या आत निर्णय व्हायला हवा आणि तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तातडीची वेळ असेल तर १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे.

तीन महिने ही मुदत मोठ्या माणसाला थोडी वाटेल, मुलाला ती फार असते. म्हणूनच खरा बचाव तक्रारीत नाही, शाळेच्या रोजच्या सवयीत आहे. कारण लिहावे लागणार असेल, तर माणूस रागात बोललेले वाक्य कागदावर उतरवण्याआधी एकदा थांबतो. परतण्याची तारीख लिहावी लागणार असेल, तर मूल विसरले जात नाही. संसदेने २००९ साली मुलाला शाळेतून काढून टाकण्याचा अधिकार सगळ्यांकडूनच काढून घेतला. तोच अधिकार एका तोंडी वाक्यातून परत येऊ द्यायचा नाही, ही जबाबदारी आता मुख्याध्यापकांची, व्यवस्थापन समितीची आणि ‘लिहून द्या’ म्हणणाऱ्या प्रत्येक पालकाची आहे.